व्याह्यांचा बांध

गावात त्या दोघांना नावानं कोणी हाक मारत नसे. उतारावर ज्यांचं शेत वर होतं ते वरचे, आणि त्याच उताराच्या पायथ्याशी ज्यांचं होतं ते खालचे. पुढे वरच्यांची मुलगी खालच्यांच्या घरी सून म्हणून आली, तेव्हा ते वरचे व्याही आणि खालचे व्याही झाले, एवढाच काय तो फरक.

खालच्यांचा मका बघायला येणारेजाणारे थांबत. कणसं अशी टपोरी, की त्यांना पानांचा अंगरखा अपुरा पडे. कोणी गुपित विचारलं तर खालचे दोन्ही तळवे पुढे करत आणि म्हणत, "हाताला गुण असावा लागतो." गुण कुणाचा, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दर पावसाळ्यात वरच्यांच्या शेतातली तांबूस माती वाहून येई आणि खालच्यांच्या शेतावर सायीसारखी धरे. मुलीला मागणी घालायला खालच्यांनी चार वडीलधारी माणसं पाठवली होती. माती मात्र न मागता येत होती, आणि तिच्याबद्दल दोन्ही घरांत कोणी कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

वरच्यांच्या शेतात आता मातीपेक्षा दगडच जास्त दिसू लागले होते. गेल्या हंगामात पीक असं आलं की पाखरांनीही ढुंकून पाहिलं नाही. शेवटी वरच्यांनी हात टेकले. एवढा एक पावसाळा बघायचा, नाहीतर शेत पडीक टाकून शहरात मुलाकडे जायचं आणि कुठल्याशा फाटकापाशी राखणीला बसायचं, असं ते बोलून दाखवू लागले.

हे ऐकून सून कामाला लागली. माहेर असं उठून जाताना बघणं तिच्यानं होणार नव्हतं. तिनं खुंट्या, दोरी आणि पाणी भरलेली लांब पारदर्शक नळी घेतली आणि बापाच्या शेतात उताराला आडवी रेघ आखली. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एका पातळीवर थांबलं की खुंटी ठोकायची आणि पुढे सरकायचं. त्या रेघेवर मातीचा बांध घालायचा, म्हणजे पाणी अडेल आणि माती जागच्या जागी राहील.

हे खालच्यांच्या कानावर गेलं.

"सूनबाई, ते तुझं माहेर. माझं काही म्हणणं नाही," जेवताना त्यांनी विषय काढला. "पण बांधाखाली जमीन जाते. तुझ्या बाबांचं उगाच नुकसान."

"माती वाहून जाते, त्यापेक्षा कमीच जाईल, मामंजी."

"मातीचं काय, आज इथे तर उद्या तिथे."

"ते खरं. पण ती दरवेळी आपल्याकडेच कशी येते, तेवढं मला कळत नाही," सून म्हणाली आणि त्यांच्या ताटात आणखी वाढू लागली. खालच्यांच्या पत्नीला नेमका तेव्हाच ठसका लागला आणि त्या तोंडाला पदर लावून उठून गेल्या.

बांध उभा राहिला. सुनेनं माहेरची शेजारीपाजारी माणसं जमवून तो पायांनी तुडवून, लाकडी ठोकळ्यानं बडवून घट्ट केला. एकाच गोष्टीवर बापलेकीचं बिनसलं. एका टोकाला थोडी सखल, दगड बसवलेली वाट ठेवा, म्हणजे जास्तीचं पाणी तिथून निघून जाईल, असं ती सांगत होती. त्या वाटेला सांडवा म्हणतात. वरचे ऐकेनात. "जन्मभर माती जाताना पाहिली. आता एवढा बांध घालायचा आणि आपल्याच हातानं त्याला भोक पाडायचं?" माणूस वरचा असो की खालचा, एका वयानंतर तो ऐकत नाही, हे त्या बिचारीला दोन्ही घरांत शिकायला मिळालं.

पावसाळा निम्मा सरला तेव्हा एका दुपारी पावसानं झोडपायला सुरुवात केली. खालचे आपल्या शेताच्या कडेला उभे राहून वर बघत होते. एरवी अशा पावसात तांबडे लोट येत. आज नुसतं आभाळातून पडेल तेवढंच पाणी, आणि तेही नितळ. त्यांना भीती वाटली, आणि ती मक्याची नव्हती. मका थोडा कमी झाला असता तर घर काही उपाशी पडणार नव्हतं. पण आपल्या हाताला गुणबिण काही नाही, चारचौघांसारखेच आपण शेतकरी, हे गावाला कळलं तर तोंड कुठे लपवायचं?

घरी येऊन त्यांनी फावडं उचललं.

"अहो, एवढ्या पावसात कुठे निघालात?" पत्नीनं विचारलं.

"जरा पाय मोकळे करून येतो," खालचे म्हणाले, आणि भिजत उतार चढू लागले.

बांधाच्या ऐन मध्यावर त्यांनी पहिला घाव घातला. सुनेचं काम पक्कं होतं. फावडं रुतलं ते निघेना. आणखी दोन घाव घालेपर्यंत त्यांना धाप लागली. शिवाय वरच्यांच्या घराचं दार तिथून समोर दिसत होतं. म्हणून ते टोकाला, झुडपाच्या आडोशाला गेले. तिथे बांध खडकाला टेकला होता आणि माती जरा भुसभुशीत होती. खालच्यांनी भराभर ती उपसली. पाणी खळाळत बाहेर पडलं, खडकावरून घसरलं आणि बाजूच्या ओढ्याला जाऊन मिळालं. खालच्यांच्या शेताकडे त्यानं वळूनही पाहिलं नाही. मातीचा एक कण हाती लागला नाही. इतकी मेहनत ओढ्यात गेलेली बघत ते उभे राहिले, आणि मागे वळतात तर डोक्यावर पोतं घेतलेले वरचे व्याही समोर. त्यांच्या पाठोपाठ सूनही धावत येत होती. बांधाच्या काळजीनं तीही घरून निघाली होती.

खालच्यांची पाचावर धारण बसली. फावडं लपवायला जागा नव्हती.

"व्याहीबुवा, तुम्ही?"

"मी... म्हटलं, बघून यावं जरा."

वरच्यांनी बांधाकडे पाहिलं. माथ्यापर्यंत चढलेलं पाणी हळूहळू उतरत होतं. त्यांनी खालच्यांचे चिखलानं भरलेले हात हातात घेतले. "आणखी थोडा वेळ गेला असता तर पाणी बांधावरून गेलं असतं, आणि बांधही गेला असता. पोरगी सांगून थकली, सांडवा ठेवा, सांडवा ठेवा. मी ऐकलं नाही. तुम्ही ऐन वेळी येऊन काढलात."

सून बांधाच्या मध्यावर गेली, तिथल्या फावड्याच्या खुणांवर माती लोटली आणि पायानं दाबून दाबून बसवली.

दुसऱ्या दिवसापासून वरच्यांनी गावभर डंका पिटला. केशकर्तनालयात, पिठाच्या गिरणीत, बसथांब्यावर, सगळीकडे एकच. मुलाचे वडील असूनही भर पावसात मुलीच्या वडिलांचा बांध राखायला धावले. असा व्याही मिळायला भाग्य लागतं. माणसं रस्त्यात थांबवून खालच्यांची पाठ थोपटू लागली. घरी सून इतक्या गोड आवाजात बोलू लागली की त्यांना घास गिळवेना.

"कौतुक पचत नाही वाटतं," पत्नी म्हणाली.

शेवटी खालच्यांनाच राहवेना. सकाळी उठून ते वर गेले. वरचे त्या कापलेल्या जागी दगड बसवत होते. बांधाच्या आत तांबूस गाळाचा ओला, मऊ थर साचला होता.

"व्याहीबुवा, एक सांगायचंय. त्या दिवशी मी बांध राखायला नव्हतो आलो. फोडायला आलो होतो."

वरचे दगड ठोकत राहिले. "माहीत आहे."

"सूनबाई बोलली?"

"ती कसली बोलते. पण बांध सावरायला येणारा माणूस सोबत घमेलं आणतो. तुमच्या हातात नुसतं फावडं."

"मग गावभर सांगत का फिरलात?"

"आता दर पावसात तुम्हाला वर यावं लागेल. नाही आलात तर लोकच विचारतील," वरचे म्हणाले आणि मिशीत हसले.

मुलाचा बाप म्हणून खालच्यांना रागावायचा हक्क होता, आणि त्यांनी तसा प्रयत्नही केला. पण हसूच आलं. ते ओसरल्यावर त्यांनी लहान मुलासारखं विचारलं, "आणि माझ्या मक्याचं काय?"

वरचे कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "माती इथे राहिली तर मीही इथे राहीन. शहरातलं फाटक दुसरं कोणीतरी राखेल. तुम्हाला आता शेणखत घालावं लागेल, सगळे घालतात तसं. पण हे अडलेलं पाणी जमिनीत मुरणार आणि तुमच्याच विहिरीत उतरणार. ते मला अडवता येत नाही. अडवता आलं असतं तरी अडवलं नसतं. माझी पोरगी त्याच विहिरीचं पाणी पिते."

खालच्यांचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला आज पाऊसही नव्हता. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि एक चांगला थोरला दगड उचलला. शेतीतलं काही दुसऱ्याला विचारायची त्यांची ही पहिलीच वेळ.

"हा कुठे बसवू?" त्यांनी विचारलं.