पलीकडची नगरपालिका

आमच्या घरासमोरच्या रस्त्याच्या मधोमध एक पांढरी रेघ आहे. रेघेच्या अलीकडे आमची नगरपालिका, पलीकडे दुसरी. आमचा झाडूवाला बरोबर रेघेपर्यंत झाडतो आणि कचरा तिथेच सोडून देतो. वाऱ्याने तो पलीकडे गेला की त्याचं काम झालं. इतकी वर्षं मला याचं हसू यायचं. खारूने भुवया उपटायला सुरुवात केली आणि माझं हसू आटलं.

खारू म्हणजे माझी मुलगी, आठ वर्षांची. नाव वेगळं आहे, मी पुस्तकं चाळून ठेवलेलं. पण ती लहानपणापासून काही ना काही कुरतडत असते म्हणून तिच्या आत्याने तिला खारू म्हटलं आणि तेच चिकटलं. आधी नखं, मग फ्रॉकची कॉलर. यंदा शाळेची बस यायची वेळ झाली की तिच्या पोटात दुखायला लागायचं. बस निघून गेली की ती भिंतीकडे तोंड करून बसायची आणि दोन बोटांनी भुवईतला एकेक केस शोधायची. उजवी भुवई पार गेली. डावीची शेपटी तेवढी उरली.

मी आमच्या नगरपालिकेत गेले. खिडकीतला कारकून वाईट नव्हता. म्हणाला, "बाई, दातांचं असेल तर बोला, लसीचं असेल तर बोला. मन आमच्याकडे येत नाही."

"मग कुणाकडे येतं?"

"जिल्ह्याकडे."

जिल्ह्याने सांगितलं, शाळेत बघा. शाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "समुपदेशकाचं पद मंजूर आहे हो, पण माणूस नगरपालिकेने द्यायचा. सध्या आमच्याकडे कवायतीचे सर आहेत." मैदानावर चेंडूसुद्धा इतका कुणी टोलवत नाही.

पलीकडे मात्र वाचनालयाच्या माडीवर मुलांसाठी केंद्रच आहे. तिथे वाळूचा हौद आहे, बाहुल्या आहेत, आणि झुलत्या खुर्चीत बसून मुलांशी बोलणाऱ्या एक बाई आहेत. मुलं त्यांना झुलाताई म्हणतात. सगळं नगरपालिकेच्या खर्चाने. आणि रेघेच्या पलीकडे, अगदी आमच्या समोर, माझी मोठी नणंद राहते. खाली तिचं इस्त्रीचं दुकान, वर घर.

केंद्राचा नियम एकच होता: मूल पलीकडच्या हद्दीत राहणारं हवं. नुसता पत्ता दाखवून भागत नाही. मूल तिथे झोपतं की नाही हे बघायला गृहभेटीच्या बाई न सांगता येतात.

"एवढंच ना?" नणंद म्हणाली. "मग माझ्याकडे झोपव. माझा लेक कधीच भुर्र उडालाय, खोली रिकामी पडलीये. तुझ्या खिडकीतून पलंगसुद्धा दिसतो. आणखी काय पाहिजे?"

"रस्ता तर ओलांडायचाय," खारूचे बाबा म्हणाले. बहिणीचं म्हटलं की यांना सगळंच सोपं वाटतं.

मी पिशवी भरून दिली. उशी माझ्याच घरची दिली. दुसऱ्याच दिवशी ती परत आली. "आत्याकडे मऊ आहे."

मी घरून विमा कंपनीचे दावे तपासते. टेबल खिडकीशी आहे. एक दावा वाचायचा आणि एकदा समोर बघायचं, अशी मला सवयच लागली. खारू शाळेतून येऊन दुकानात बसायची, कपड्यांवर पाणी शिंपडायची, रुमालांच्या घड्या घालायची. नणंद काहीतरी बोलायची आणि ती हसायची. आवाज यायचा नाही, तोंड उघडलेलं दिसायचं. काय बोलली असेल? माझ्याकडे होती तेव्हा तिला हसवायला मी काय काय केलं नव्हतं! मी मुलांच्या भीतीवरची जाडजूड पुस्तकं वाचली होती. हिने आयुष्यात काय वाचलं? सदऱ्याच्या कॉलरमागची चिठ्ठी.

एक दिवस मी दुकानात गेले आणि सवयीने आधी भुवईकडे पाहिलं. उजव्या बाजूला बारीक काळी कुसळं आली होती. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण त्याच्या पाठोपाठ, न विचारता घरात घुसणाऱ्या शेजारणीसारखा, दुसरा विचार आत आला: माझ्या घरात का नाही उगवली?

"अगं, किती टक लावशील?" नणंद म्हणाली. "पोरगी आहे ती, सदरा नाही. कुठे चुरगळलीये का बघतेस?"

खारू खिदळली. मीही हसले. घरी येऊन भांडी जरा जोरातच घासली.

त्यानंतर मला सगळंच खुपायला लागलं. खारूचं प्रत्येक वाक्य "आत्या म्हणते" ने सुरू व्हायचं, आणि आत्या संपली की झुलाताई. झुलाताईंना ती काय सांगते, ते मला कळायचं नाही. विचारलं तर म्हणायची, "ते आमचं आहे." पोटची पोर माझी आणि "आमचं" भलतंच. केंद्रात पालकांनी बसायच्या खोलीतही सगळ्या जणी नणंदेलाच ओळखायच्या. मला कुणीतरी विचारलं, "तुम्ही कोण तिच्या?"

म्हणून मी पुन्हा आमच्या नगरपालिकेकडे वळले. वॉर्डाच्या सभेत उभी राहून बोलले, आपल्याकडेही असं केंद्र हवं. आमचे नगरसेवक शांतपणे ऐकून घेत होते. मग म्हणाले, "ताई, ज्यांना गरज आहे त्यांची मुलं पलीकडे जातातच की. तक्रार आहे कुठे?" मागून कुणीतरी म्हणालं, "यांचीच जाते." सभा हसली. माझीच मुलगी माझ्याविरुद्ध पुरावा झाली.

त्या शुक्रवारी खारू आमच्याकडे जेवायला आली आणि माझ्या मांडीवर झोपून गेली. किती दिवसांनी! नणंदेचा फोन आला.

"आणून सोडतेस की मी येऊ?"

"झोपलीये. राहू दे आज."

"अगं, पण त्या बाई..."

"त्या काय रोज येतात?"

सकाळी मी तिची वेणी घालत होते आणि समोर करड्या रंगाची स्कूटर थांबली. गृहभेटीच्या बाईंनी हेल्मेट काढलं, पिशवी खांद्याला लावली आणि त्या जिना चढून गेल्या. लगेच माझा फोन वाजायला लागला. नणंद.

मी तो उचलला नाही.

मुद्दामच. फोन टेबलावर थरथरत होता आणि मी बघत होते. डोक्यात अगदी स्वच्छ दिसत होतं: बाईंना मुलगी सापडणार नाही. त्या नाव काढून टाकतील. पिशवी परत येईल. मग खारू माझी, या घरात, या पलंगावर. भुवईचं काय? बघू. मी आहे ना. मी पुस्तकं वाचलीत.

नणंद सज्जात आली. हातात धुतलेला टॉवेल होता, तो झटकायच्या निमित्ताने तिने माझ्या खिडकीकडे जोरजोरात हात हलवला. मग आत वळून काहीतरी सांगितलं. म्हणजे माझ्या मुलीसाठी खोटंही तीच बोलत होती.

"आई, स्कूटर!" खारू उठली तशी वेणी माझ्या हातातून सुटली. "मावशी आल्यात. मला त्यांना भुवई दाखवायचीये."

"मला कधी दाखवलीस?"

"तू तर रोज बघतेसच."

ती चपला शोधायला लागली. मी म्हणाले, "खारू, नाही गेलीस तर? इथेच राहिलीस तर? तुला इथे नाही का आवडत?"

"आवडतं की." एक पाय चपलेत, एक बाहेर. "पण मी तिथे नसले तर माझी जागा दुसऱ्याला देतील. मग मी बोलायला कुठे जाऊ?"

माझ्याशी बोल, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तिचा हात वर गेला, बोटं नव्या केसांपाशी पोचली. मला वाटलं, आता उपटणार. तिने तो हात खाली घेतला आणि फ्रॉकच्या खिशात घातला. कुणी शिकवलं तिला हे? मी नाही.

मी अर्धवट वेणी घाईने बांधली आणि तिचा हात धरून रस्ता ओलांडला. दुकानाच्या मागच्या दाराने गुपचूप नाही, पुढच्या.

जिन्यावर नणंदेचा आवाज येत होता, "आंघोळ म्हणजे काय, तासभर चालते हो तिची, बदकच आहे," आणि तेवढ्यात आम्ही दारात. नणंदेने जीभ चावली. बाईंनी न्हाणीघराकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"काल रात्री माझ्याकडे होती," मी म्हणाले. "हिच्या आत्याने पाठव म्हटलं होतं. मीच ठेवून घेतली."

बाई खुर्चीत बसल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, रोजच्या कामाचा कंटाळा होता. "नेहमीचा मुक्काम इथे पाहिजे. एखादी रात्र मूल बाहेर राहिलं तर चालतं, पण कारण सांगावं लागतं. सहलीला गेली, पाहुणी म्हणून गेली, दवाखान्यात होती." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमच्याकडे कशी होती?"

नणंद बोलायला गेली. बाईंनी हात वर केला. "त्यांना सांगू दे."

खारू माझ्या आणि नणंदेच्या मधे उभी होती, हनुवटी वर करून, बाईंना भुवई नीट दिसावी म्हणून. माझा हात तिने सोडला होता. कधी सोडला, कळलं नाही.

"पाहुणी," मी म्हणाले. "पाहुणी म्हणून आली होती."

"आपण तिच्या कोण?"

"आई."

बाईंनी मान हलवली आणि पुढचं विचारलं: जेवण, झोप, शाळा. उत्तरं नणंदेने दिली. सगळी बरोबर होती. मी ऐकत होते, कुठेतरी एक तरी चुकावं म्हणून. मग बाईंनी खारूची भुवई पाहिली, "वा, झकास!" म्हणाल्या, आणि खारू लाजून आत्याच्या साडीत शिरली.

स्कूटर गेली. केंद्राची वेळ होत आली होती.

"इकडे ये गं बदका," नणंद म्हणाली. "ही काय वेणी आहे? अर्ध्या रस्त्यात सुटेल." तिने खारूला गुडघ्यांमध्ये उभं केलं, मी बांधलेली रिबीन सोडली आणि माझ्याकडे न बघता हात मागे केला. "धर जरा."

मी रिबीन धरून उभी राहिले. ती पेड घालत होती, घट्ट, भराभर. खारू डोळे मिटून मान ताठ ठेवत होती. माझ्यापाशी ती कधी इतकी स्थिर उभी राहिली नव्हती.