चिमाजी आचाऱ्याची जीभ

डाव्या गालावर जांभळ्या शाईची पुसट चौकट.
पिंपरीच्या नव्या कारखान्यातून येणारे पाहुणे.
एका बाजूनं झडलेली मिशी.
आमटीत मिठाची दुसरी मूठ.

ही मूठ सोजराबाईनं मुद्दाम टाकली, चऱ्होलीच्या घरात, नवऱ्याची पाठ वळल्यावर. नवरा म्हणजे चिमाजी आचारी. पंचक्रोशीतल्या पंगती त्याच्या हातच्या. जिभेवर गाठ उठली म्हणून मुंबईच्या मोठ्या इस्पितळात विजेचे शेक घेऊन आलेला; गालावरची शाईची चौकट त्या शेकाची जागा दाखवणारी. डॉक्टरांनी बजावलं होतं, हे किरण भरभर वाढणाऱ्या पेशी मारतात. गाठीच्या तर मारतातच, पण आजूबाजूच्या चवीच्या, लाळेच्या, केसांच्या मुळांच्याही भाजून निघतात. तोंडातली आग आधी शमेल. चव सावकाश येईल.

चिमाजीनं घरी येऊन हे आपल्या भाषेत सांगितलं, "करपलेलं खरवडताना कल्हई बी निघती. पर माझी शाबूत हाय."

शाबूत कसली! लग्न झाल्यापासून तिच्या ताटाला नावं ठेवणारा हा माणूस आता सगळ्यालाच 'झ्याक' म्हणत होता. सोजराबाईला शंका आली ती तिथंच. त्यात गावदेवाचा भंडारा तोंडावर. यंदा कारखान्याची माणसंही जेवायला येणार. चिमाजी भरीला पडून हो म्हणाला आणि आमटी फसली, तर त्याच्या हातात पुन्हा झारा कोण देणार?

भंडारा रांधशील का, हे विचारायला गावचे दौलतराव पाटील आले. सोजराबाईनं दोघांनाही पानावर बसवलं. चिमाजीनं पाण्याच्या घोटानं कोरडं तोंड भिजवलं आणि आमटी भुरकली.

"कशी झालीया?"

"झ्याक!"

दौलतरावांनी घास घेतला. डोळे मिटले. पाणी मागितलं. परत मागितलं.

"वहिनी, ही आमटी हाय का मिठागर?"

चिमाजीची उरलेली मिशी खाली आली. "सोजरे, डाव साधलास."

"साधला. चारचौघांत पडण्यापरीस घरात पडलेलं बरं. चव न्हाई तर न्हाई म्हना. मी हुबी ऱ्हाते कढईपाशी, चाखून सांगते."

"नैवेद्याआधी चाखतीस? देवाच्या कढईतलं? येडी का खुळी तू!"

"मंग तुमी कसं करता?"

"वासानं. रंगानं. मीठ हाताच्या अंदाजानं. भंडाऱ्याच्या सैपाकाला म्या कंदी जीभ लावलीया का?"

बोलला, आणि आपलंच बोलणं ऐकून उरलेली मिशी चाचपू लागला. दौलतरावांना हसू आवरेना, पेल्यातलं पाणी धोतरावर सांडलं.

"आता गं बया!" सोजराबाईनं कपाळाला हात लावला. "म्हंजी ती जीभ निस्ती माझ्या सैपाकाला नावं ठिवायला व्हती!"

"चिमाजी," दौलतराव म्हणाले, "कढई तुझीच. वहिनीला मातर मिठापासनं लांब ठिव."

भंडारा चिमाजीनंच रांधला. ओठ ओले करायला तांब्या बाजूला, अर्धी मिशी घामानं चिकटलेली. पंगती उठल्यावर तो वाटी घेऊन बायकोसमोर आला आणि जन्मात पहिल्यांदा तिलाच विचारलं, "बरी झालीया का गं?"

सोजराबाईनं एक घोट घेतला. नाक मुरडलं.

"तेल लई वतलंय," ती म्हणाली, आणि वाटी काही परत दिली नाही.

मुंबईहून निघायच्या दिवशी डॉक्टरांनी चिमाजीच्या जिभेवर बोट फिरवून पाहिलं होतं. गाठ हाताला लागली नव्हती.