चाकाची जड बाजू

भाग्यश्रीने अंगणात बाबांची सायकल उलटी करून सीट-हँडलवर उभी केली आणि पुढचं चाक फिरवलं. बाबांचं दहावं-बारावं उरकलं होतं. सोमवारपासून ती याच सायकलने कामावर जाणार होती.

दिनेशकाका ओट्यावर चहा पीत होता. बाबांच्या सायकल-दुकानात त्यांच्या हाताखाली काम शिकून त्याने पुढे टेम्पो घेतला. भातसानगरच्या उतारावर पडलेले बाबा आधी त्यालाच दिसले. त्यानेच त्यांना शहापूरला दवाखान्यात नेलं. सायकल मात्र तिसऱ्या दिवशी आणून दिली. पुसून, तेल घालून.

चाक मंदावलं, किंचित मागे झुललं, थांबलं. व्हॉल्व्ह खाली.

तिने पुन्हा फिरवलं. व्हॉल्व्ह खाली.

व्हॉल्व्हची बाजू जड असते. बाबा त्या बाजूच्या अगदी समोरच्या स्पोकला शिशाची तार गुंडाळत. एकेक वेढा वाढवत, चाक कुठेही थांबू लागेपर्यंत. लहानपणी ते कुठे थांबेल यावर ती त्यांच्याशी पैज लावायची आणि हरायची. गिऱ्हाइकं हसायची, “रामूदादा, सायकल हाय का विमान?” बाबा म्हणत, उतारावर समजंल.

तिने एकेक स्पोक चाचपला. तार नव्हती. तारेचा काळपट डागही नव्हता. हे चाक बाबांचं नव्हतंच.

“काका, बाबा पडले तवा चाकाला काय झाला होता का?”

“नाय गो. खरचटला पन नाय. ब्रेक लागला नसंल, बस.”

फाटकाशी त्याचा टेम्पो उभा होता. सगळा धुळकट, ड्रायव्हरच्या बाजूचा दिवा तेवढा कोरा.

“वैनी कवा येतील?” त्याने विचारलं.

“आई मुरबाडला मावशीकडं गेलीय. उद्या येल.”

बोलून गेल्यावर तिने ओठ मिटले.

कप खाली ठेवून दिनेश उठला, सायकलीपाशी येऊन उकिडवा बसला. त्याची नजर तळाशी थांबलेल्या व्हॉल्व्हवर होती. तोही बाबांकडेच शिकला होता.

भाग्यश्रीने तिसऱ्यांदा चाक फिरवलं, जोरात. दोघंही बघत राहिले. वेग उतरला. व्हॉल्व्ह हळूहळू तळाकडे येऊ लागला, तसा दिनेशने हात पुढे केला आणि चाक थांबायच्या आधीच धरलं.