सोळा दिवसांसाठी लावलेला प्रसाद

आमच्या घराण्यात सावंतवाडीच्या पलीकडे जाणाऱ्याने देवीला विचारून जावे, असा रिवाज आहे. गोव्यातल्या आमच्या हरमलला येणाऱ्यांसाठी मात्र काहीच रिवाज नाही. जगातल्या कोणत्याही देशातून कोणीही यावे, आमच्या वाड्यावर खोली घ्यावी, भाड्याची स्कूटर उडवावी आणि अंगावर किती कपडे ठेवायचे हे स्वतःच ठरवावे. त्यांच्याविषयी देवीचे मत काय आहे, हे गावाने तिला कधी विचारलेले नाही. गैरसोयीची उत्तरे येण्याचा संभव असेल तिथे प्रश्न न लावण्याइतके शहाणपण गावाकडे आहे.

सिल्वाना अशीच कोणालाही न विचारता आली. इटलीतल्या टपाल खात्यातून निवृत्त झालेली ही बाई अकरा हिवाळे आमच्या माडीवरच्या खोलीत राहिली. सकाळी ती माझ्या आईच्या हातची पेज प्यायची आणि दुपारी तिच्याकडून भाजीवाल्याशी भांडायला शिकायची. आई, म्हणजे कमलाक्षी, पेडण्याच्या एका शाळेत बत्तीस वर्षे भूगोल शिकवून निवृत्त झालेली. भूमध्य समुद्राचे हवामान तिने हजारो मुलांकडून पाठ करून घेतले होते. तो समुद्र तिने पाहिलेला नव्हता. पण शिक्षणखात्याला त्यात कधी विसंगती दिसली नाही आणि तिलाही ती दाखवून देण्याची सवड मिळाली नाही.

या मार्चमध्ये परत जाताना सिल्वानाने आईला आपल्या घराची एक किल्ली दिली. लिगुरियाच्या किनाऱ्यावरचे तिचे गाव नऊशे वर्षांचे. कोळ्यांना दर्यावरून आपापले घर ओळखता यावे म्हणून तिथली घरे वेगवेगळ्या रंगांची. चाच्यांवर नजर ठेवायला बांधलेला बुरूज अजून उभा. आणि देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, वादळातून वाचलेल्या खलाशांनी टांगलेली छोटी लाकडी गलबते. आईने ती किल्ली देव्हाऱ्यात ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून योजना आखायला घेतली.

योजना तिने वर्षाच्या पाठनियोजनासारखी आखली. मे महिन्यात माझ्या कॉलेजला सुट्टी, म्हणून सोळा दिवस मे महिन्यातले. मी फोंड्याला इतिहास शिकवते; मला बरोबर घेण्याचे कारण तिने सामान उचलणे असे नोंदवले होते. स्टेशनपासून सिल्वानाच्या दारापर्यंत दोनशे चाळीस पायऱ्या असल्याचे कळल्यावर ती रोज संध्याकाळी देवीच्या डोंगरीवर दोन वेळा चढू-उतरू लागली. आठवड्याभरात शेजारच्या गंगाने तिला नवस कोणासाठी बोललीस म्हणून विचारले. गुडघ्यांसाठी, असे आईने खरे ते सांगितले आणि गंगाला ते पटले.

मी तिला एकदा विचारले की तिथे नेमके काय बघायचे आहे. बुरूज, गलबते, खारवलेली मासळी, यांपैकी काहीतरी ती सांगेल अशी माझी अपेक्षा होती.

"तिना माझो दर्या अकरा वर्सां बघल्यान," आई म्हणाली. "माका तिचो एकदा बघूचो आसा."

व्हिसाच्या अर्जात भारतात परत येण्याची कारणे लिहायची होती. तिने 'माझे घर' एवढेच लिहिले. पणजीतल्या कचेरीने त्याला पेन्शनचे कागद जोडायला लावले आणि तीन आठवड्यांनी व्हिसा दिला. एका परक्या सरकारने आईवर विश्वास ठेवला होता. आता प्रश्न फक्त घराचा उरला.

घराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात माझे काका राहतात. गोकुळदास हे वडिलांचे धाकटे भाऊ आणि देवस्थान समितीचे अध्यक्ष. काकी वारल्याला आठ वर्षे झाली. मुलगा गौरेश पर्वरीला फ्लॅटमध्ये असतो आणि चतुर्थीला येतो. ही आठ वर्षे काकांची दुपार आणि रात्र आईच्या स्वयंपाकघरात भागते. भाकरी आवडीची नसली तर ते काही बोलत नाहीत, नुसते ताट थोडे पुढे सरकवतात. वडील दोन वर्षांपूर्वी गेल्यानंतरही ते ताट त्याच जागी मांडले जाते. आईच्या प्रवासाची वार्ता कळली तेव्हा काका त्याच ताटावर होते. जेवण पुरे झाल्यावर त्यांनी समुद्रापार जाण्याचे शास्त्र काढले. घरातला दिवा कोण लावणार, विधवा बाईने मौजेसाठी इतक्या लांब जावे का, लोक काय म्हणतील, हे सारे ते अत्यंत सौम्यपणे बोलले. शेवटी म्हणाले, "देवीक विचारूक व्हया, वयनी."

मी आईला बाजूला घेऊन सांगितले की तिकिटे आहेत, व्हिसा आहे, काकांच्या परवानगीची कुठल्याही विमानतळावर तपासणी होत नाही. आई म्हणाली की काकांना विचारायचे तिच्या मनातही नव्हते. पण देवीला न विचारता ती या घरातून कधीच बाहेर पडलेली नाही. ज्या श्रद्धेचा वापर तिच्याविरुद्ध होत होता, ती श्रद्धा तिचीच होती.

प्रसाद लावण्याची रीत अशी. पुजारी भिजवलेल्या पाकळ्या देवीच्या पाषाणाच्या दोन्ही अंगांना चिकटवतो. घरातला कर्ता पुरुष प्रश्न उच्चारतो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. प्रत्येक प्रश्न आणि त्याचे उत्तर समितीच्या वहीत लिहिले जाते. सचिव माझे वडील होते. वहीतले अक्षर मात्र एकतीस वर्षे, ते गेल्यावरही, आईचे आहे. या वह्या मी एकदा अभ्यासासाठी वाचल्या आहेत. त्यात जमीन, नोकरी, जहाज, खटला आणि म्हैस यांविषयीचे प्रश्न पुष्कळ. बायकांविषयीचेही आहेत: त्यांची लग्ने, त्यांची बाळंतपणे, त्यांना झालेली बाधा. स्वतःसाठी काही हवे म्हणून एखाद्या बाईने लावलेला प्रश्न एकही नाही. अभ्यासलेखात मी हे एका तळटीपेत लिहिले होते. संपादकांनी जागेअभावी ती तळटीप काढली.

सोमवारी सकाळी पुजारी श्रीनाथने पाकळ्या लावल्या. समितीचे दोघे जण, गंगा आणि आम्ही, एवढे लोक होते. काकांनी हात जोडले आणि प्रश्न उच्चारला. घराचा दिवा आणि कुळाचा मान मागे टाकून एक विधवा बाई केवळ मौजेसाठी समुद्रापार जाते आहे. देवी आई, हे तुला मान्य आहे काय?

इतका काळजीपूर्वक रचलेला प्रश्न मी विद्यापीठातही क्वचितच ऐकला आहे.

अर्ध्या तासाने डावी पाकळी पडली. काका खेदाने आईकडे वळले आणि देवीच्या मनात नाही, त्याला आपण काय करणार, अशा अर्थाचे दोन शब्द बोलले. आई वही उघडून बसली होती. तिने प्रश्न शब्दशः लिहिला, उत्तर लिहिले, शाई वाळू दिली. मग तिने मागची पाने उलटली आणि एका जुन्या पानावर बोट ठेवून ते श्रीनाथला मोठ्याने वाचायला सांगितले. गोकुळदास यांनी बाहरीनला नोकरीस जावे काय. डावे. तोच प्रश्न, दुसऱ्यांदा. डावे. तोच प्रश्न, तिसऱ्यांदा, शब्द बदलून. उजवे.

"तां पोटासाठी होता," काका म्हणाले.

आईने मान हलवली, जणू मुलाने बरोबर उत्तर दिले होते. मग तिने श्रीनाथला पाकळ्या पुन्हा लावायला सांगितल्या आणि यावेळी प्रश्न आपण स्वतः उच्चारू असे कळवले. श्रीनाथने काकांकडे पाहिले. काकांनी समितीच्या दोघांकडे पाहिले. बाईने प्रश्न उच्चारू नये असे कुठे लिहिले आहे, याचा शोध चौघांच्या चेहऱ्यांवर काही वेळ चालला. तसे कुठे लिहिलेले नव्हते. लिहिणारी आईच होती.

श्रीनाथने पाकळ्या लावल्या. आई उठून उभी राहिली, हात जोडले आणि शेजारणीला सांगावे तशा आवाजात म्हणाली,

"आई, मी सोळा दीस जातंय. मी परत येयसर माझ्या घराकडे तू बघशीत काय?"

काका एकदम पुढे आले. असा प्रश्न लावता येत नाही, असे ते म्हणाले. का लावता येत नाही, हे आईने विचारले. नव्या सभामंडपाच्या देणग्या गोळा करायला काका दोन महिने पेडणे आणि डिचोली तालुक्यात फिरत होते. देवी आपल्या लेकरांच्या घरादाराचे रक्षण करते, असे त्यांनीच पावतीपुस्तकावर छापून घेतले होते. आता डावी पाकळी पडली असती, तर देवीने एका घराकडे बघायला नकार दिल्याचे समितीच्या वहीत, आईच्या सुवाच्य अक्षरात, कायमचे राहिले असते. समितीच्या दोघांनाही हे काकांच्या पाठोपाठ उमगले. त्यांच्यापैकी एकाने डोळे मिटून काहीतरी पुटपुटायला सुरुवात केली. इतकी वर्षे देवळात येणाऱ्या त्या गृहस्थाने मनापासून प्रार्थना केलेली मी तेव्हा प्रथमच पाहिली.

आई मात्र पाषाणाकडे बघत होती. जोडलेले हात तिने अजून खाली घेतले नव्हते. तिला उत्तर खरोखरच हवे होते, आणि ते डावे आले असते तर तिने किल्ली टपालाने परत पाठवली असती, हे मला त्या क्षणी कळले. त्या देवळात देवीवर विश्वास असलेली आई बहुधा एकटीच होती.

उजवी पाकळी पडायला वेळ लागला नाही. ती नीट चिकटली नव्हती, असे श्रीनाथने मागाहून खाजगीत सांगितले. वहीत फक्त बाजू लिहितात.

निघायच्या दिवशी आईने दिवा लावला, घराला कुलूप घातले आणि किल्ली नेऊन काकांच्या ओसरीवर ठेवली. सिल्वानाची किल्ली तिच्या पर्समध्ये होती. काका खुर्चीत बसून होते. टॅक्सी दारात आली तेव्हा त्यांनी, फारसे महत्त्व न दिल्यासारखे दाखवत, दुपारच्या जेवणाची काय व्यवस्था केली आहे ते विचारले.

आईने पदर सारखा केला.

"देवी घराकडे बघतली, भावोजी," ती म्हणाली. "जेवणाचां तुम्ही तिका विचारलास नाय."