करंजावरच्या पतंगाची पेटी

मी एक जुनी सागवानी पेटी आहे. दिंडोशीच्या एका वसाहतीत, कपाटाच्या खालच्या कप्प्यात राहते. नंदकिशोर सुताराने मोडक्या खिडकीच्या फळ्यांतून मला बायकोसाठी बनवले. वर काच बसवली. झाकण मात्र एका कोपऱ्यात किंचित उचललेले राहिले. "नंतर रंधा मारतो," तो म्हणाला. ते राहूनच गेले.

मित्रांनो, त्याची बायको वनमाला शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. काही अळ्या पान गुंडाळून त्यातच राहतात. ती त्या घरी आणून बरणीत वाढवायची. त्यांचे पतंग झाले की टाचणीला लावून माझ्यात ठेवायची. प्रत्येकाखाली चिठ्ठी असे: जागा, तारीख, झाड आणि शेवटी नाव.

एका चिठ्ठीवर नावाची ओळ कोरी होती. करंजाच्या पानातला तो तपकिरी पतंग तिच्या कुठल्याच यादीत बसत नव्हता.

"चार वर्षं झाली गो. बारसं कधी?" नंदकिशोर चिडवायचा.

"अहो, नुसते पंख बघून नाव देता येत नाही. पोटाचं टोक सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. दीप्ती बघणार आहे ना." दीप्ती तिच्याच शाळेतली मुलगी, आता कीटकांवर संशोधन करते.

दीप्ती येण्याआधीच वनमाला आजारी पडली. रुग्णालयातून तिचा फोन आला, तेव्हा नंदकिशोर माझ्यासमोरच उभा होता.

"पेटीत डांबरगोळ्या टाकल्या?"

"टाकल्या गो. तू झोप."

गोळ्यांची पुडी फ्रिजवर तशीच होती. वासाने त्याचे डोके दुखायचे. उद्या टाकू, असे त्याला वाटले. दोन दिवसांनी तिने पुन्हा विचारले. तो पुन्हा 'टाकल्या' म्हणाला. त्याच आठवड्यात ती गेली. मग चार महिने मला कोणी उघडले नाही.

उचललेल्या कोपऱ्यातून बारीक किडे आत आले. लाकडाला ओरडता येत नाही. तरी फट माझीच होती, हे मी विसरत नाही.

दीप्ती आली तेव्हा त्या तपकिरी पतंगाच्या टाचणीखाली भुकटी पडली होती. पंख होते, पोट नव्हते.

"काका, आता याचं नाव नाही सांगता येणार," ती म्हणाली. "गोळ्या संपल्या होत्या का?"

नंदकिशोरने फ्रिजवरची पुडी आणून तिच्यासमोर ठेवली. "नाही, होत्या. मीच टाकल्या नाहीत. तिला टाकल्या म्हणून सांगितलं. दोनदा."

दीप्तीने पिशवीतून एक कोरी चिठ्ठी काढली. "नमुन्याचं काय झालं, ते चिठ्ठीवर लिहून ठेवायचं असतं. मी लिहू?"

"नको. दे इकडे."

कानावरची पेन्सिल काढून त्याने लिहिले, 'पोट किडीने खाल्ले. गोळ्या मी टाकल्या नाहीत. नंदकिशोर.' वनमालाच्या चिठ्ठीखाली ती चिठ्ठी टोचली. त्याच दुपारी माझ्या कोपऱ्यावर रंधा फिरला.

मित्रांनो, कोणी काही सांभाळायला सांगितले, तर 'केले' म्हणण्याआधी ते करा. नंदकिशोर आता दर रविवारी वनमालाच्या चिठ्ठीवरची जागा शोधत करंजापाशी जातो आणि गुंडाळलेली पाने उलगडून तशीच अळी आहे का पाहतो. परत आला की मला उघडतो, गोळ्या मोजतो. नावाची ओळ अजून कोरी आहे.