मोटरखालच्या पट्ट्या

पट्टी हातातच आली. मिस्तरी खरं तर नुसता स्क्रू पिळत होते, पण मोटर, तिच्याखालची अॅल्युमिनियमची पट्टी आणि पट्टीला धरून राहिलेला गोंदाचा वाळका पापुद्रा असं सगळं लचांड एकदमच वर आलं. त्यांनी ते बाल्कनीतल्या उजेडात धरलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि "बसा आता बोंबलत," असं स्वतःलाच म्हणाले.

खेळण्यातली बोट ती, हातभर लांब, रिमोटवर चालणारी. तिच्या बुडाशी आत दोन पट्ट्या समांतर चिकटवायच्या आणि त्यांच्यावर मोटर बसवायची. इतकंच काम त्या पट्ट्यांचं. पण त्या केसभर हलल्या तरी मोटरपासून पंख्यापर्यंत जाणारा दांडा थडथडायला लागतो आणि बोटीचं सगळं तंत्र बिघडतं. मिस्तरींच्या बोटीत पहिल्यापासून अॅल्युमिनियमच्या पट्ट्या, जुन्या खिडकीच्या चौकटीतून कापलेल्या. त्यामुळे बोट सुरू झाली की अशी किंचाळायची की तळ्याकाठची मंडळी तिला मिक्सर म्हणायची. "आला मिक्सर, वाटण काय आणलंय?" हा विनोद इतक्यांदा होऊन गेला होता की आता करणाऱ्यालाही हसू येत नसे.

आतल्या खोलीतून बायकोने हाक मारली. हाक म्हणजे पलंगाच्या दांडीवर डाव्या हाताने टकटक. झटका येऊन गेल्यापासून तिची उजवी बाजू गेली होती आणि शब्दही मोजकेच राहिले होते. मिस्तरी उठले, तिची कूस बदलली, पाठीखाली उशी सारली, हनुवटीवरून ओघळलेलं पाणी टिपलं. तिने बाल्कनीकडे बघत डोळ्यांनीच विचारलं.

"मोडली गं," मिस्तरी म्हणाले. "करतो नीट. रविवारी शर्यत आहे ना."

मिस्तरींचा दिवस म्हणजे नुसती रखडपट्टी होती. सकाळी बायकोचं अंग पुसायचं, तिला भरवायचं, मग दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करत फिरायचं. दुपारी मेहुणी डोकावून जायची. तिला घरात सगळे ताई म्हणत, बायकोची ती थोरली बहीण आणि राहायचीही शेजारच्याच जिन्यात. संध्याकाळी घरी आलं की पुन्हा तेच. पाठीचं पार भजं व्हायचं. त्यात इमारतीच्या मागच्या तळ्यावर बोट फिरवायची ती अर्धी घटका तेवढी त्यांची स्वतःची होती. खिडकी उघडी ठेवून ते खाली जायचे, बॅटरी संपेपर्यंत फिरवायचे. मधेच संपली की बोट पाण्यात तशीच थांबायची आणि वाऱ्याने काठाला येईपर्यंत काहीही न करता नुसतं उभं राहता यायचं. ते नुसतं उभं राहणंच मिस्तरींना सगळ्यात आवडायचं.

पट्टी कशाची करावी, यावर दुसऱ्या दिवशी सलूनवाल्याशी बोलणं झालं. सलूनवाला म्हणजे तळ्यावरचा दादा माणूस, दर शर्यतीत पहिला. गिऱ्हाइकाच्या गालावर फेस तसाच ठेवून त्याने मिस्तरींना समजावलं की अॅल्युमिनियम मोटरची धग खाली नेतं, धगीने गोंद मऊ पडतो, आणि वर मोटरची थरथर जशीच्या तशी बोटीच्या अंगात उतरते. मग ती बोंबलणार नाही तर काय करणार? सर्किटची असते तशी काचतंतूंची पाटी घ्या, नाहीतर चांगलं प्लायवूड. फेस लावलेल्या गिऱ्हाइकानेही प्लायवूडला मान डोलावली.

काचतंतूंची पाटी मिस्तरींनी आणून पाहिली. ताठ होती, गुणाची होती. पण करवत चालवली की बारीक भुकटी उडून बोटांत शिरायची, धुतली तरी निघत नसे, आणि त्याच हातांनी बायकोचं अंग पुसायचं होतं. तिला खाज सुटली तर खाजवायलाही एकच हात. मिस्तरींनी पाटी कागदात गुंडाळून माळ्यावर टाकली. राहिलं प्लायवूड.

ते काम मात्र त्यांनी जीव ओतून केलं. पट्ट्या कापल्या, घासल्या, पाणी शिरू नये म्हणून कडांनाही गोंदाचे हात दिले, दांडा हलक्या बोटाने फिरेपर्यंत मोटर पुढेमागे सरकवली. उभा जन्म लिफ्टमध्ये गेलेला. आवाज येतोय म्हणून लोक बोलावणार आणि आवाज घालवला की काम झालं. दुसरं काही त्यांना शिकवलंच नव्हतं कुणी. टबात बोट सोडून पाहिली, तर पाणी कापल्याची नुसती सळसळ. मिस्तरींना इतकं बरं वाटलं की ते टबाशेजारी तसेच उकिडवे बसून राहिले.

रविवारी तळ्यावर सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. मिक्सर मुका झाला होता आणि पळतही होता. पहिल्या फेरीत त्याने दोघांना मागे टाकलं, शेवटच्या फेरीत सलूनवाल्यालाही. सलूनवाल्याने पाठ थोपटली, कुणीतरी चहा आणला, पट्ट्या कशा बसवल्या ते जो तो विचारू लागला. मिस्तरी सांगत राहिले. किती दिवसांनी कुणी त्यांना औषधपाणी सोडून दुसरं काही विचारत होतं. खुशीत अंमळ उशीरच झाला.

त्यांनी घराचं दार उघडलं. पलंग रिकामा होता. बायको खिडकीखाली जमिनीवर पडली होती, अंगावर दांडीसकट ओढला गेलेला पडदा, त्याची कड डाव्या मुठीत. कपाळाला खोक. मिस्तरींनी तिला उचललं, पलंगावर आणलं, फडकं ओलं करून कपाळावर दाबलं. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती, खात्री करून घेतल्यासारखी.

"कशाला उठलीस गं? सांग ना, कशाला?"

तिला शब्द जुळवायला वेळ लागला. "आवाज... नाही," ती म्हणाली. "वाटलं... तुम्ही... पडलात."

मिस्तरींना तेव्हा कुठे उमगलं. रोज संध्याकाळी खिडकीतून ती किंचाळी यायची आणि ती डोळे मिटून पडून राहायची. आवाज आहे तोवर नवरा काठावर उभा आहे, धड आहे, वर येणार आहे. एवढा एकच निरोप तिला मिळायचा, आणि तो त्यांनी आपल्या हाताने, घासूनपुसून बंद केला होता. तळ्यावरच्या लोकांत त्यांची हुशारी गाजली होती, पण घरात तिचा काय उपयोग होता? लाज वाटली त्यांना, आणि त्या तासाभरात घर पार विसरलो होतो याची तर जास्तच.

ताई आल्या, खोक पाहिली. मग मिस्तरींना स्वयंपाकघरात नेऊन हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुमचं वयही काही कमी नाही. थकलात तर तसं सांगा. मी नेते तिला माझ्याकडे, कायमची. पण एकटं टाकून जाऊ नका." त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. मिस्तरी म्हणाले, थोडे दिवस बघू या, पुन्हा असं झालं तर न्या.

दुसऱ्या दिवशी कामावरून लवकर येऊन त्यांनी पटाशी घेतली. प्लायवूड इतकं छान बसलं होतं की निघता निघेना. शेवटी चिरफळ्या करून काढावं लागलं. जुन्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्या खरवडल्या, या वेळी गोंदावर न विसंबता आरपार बोल्ट मारले. बोट उचलून बायकोसमोर धरली आणि बटण दाबलं. खोलीभर किंचाळी उठली. तिचं अर्धं तोंड हसलं.

संध्याकाळी ताई तिच्याजवळ बसल्या आणि मिस्तरी खाली गेले. सलूनवाल्याने कानांवर हात ठेवले. पहिली आलेली बोट अशी कशी बिघडवलीत, डोकंबिकं फिरलं काय, असं तो विचारत राहिला. मिस्तरी म्हणाले, हीच बरी वाटते. कुणीतरी वाटणाची चौकशी केली. मग एकेक करून सगळे गेले आणि मिस्तरी एकटेच बोट गोल गोल फिरवत राहिले. ना वेग, ना वळणं. वरच्या उघड्या खिडकीकडे बघत, आवाज तेवढा तुटू द्यायचा नाही म्हणून. खांदे भरून आले होते.

तळ्याच्या मधोमध बॅटरी संपली. आवाज बारीक होत होत थांबला, आणि बोट तिथेच डुलत राहिली. वारा होता, घडीभरात काठाला लागली असती. एरवी मिस्तरी याच घडीची वाट बघायचे. त्यांनी एकदा पाण्याकडे पाहिलं, रिमोट खिशात कोंबला आणि वळले. लिफ्ट वरच्या मजल्यावर होती. तिची वाट न पाहता ते जिना चढू लागले, आणि पहिल्याच वळणावरून, धाप लागलेली असताना, ओरडून म्हणाले, "आलो गं, आलो."