दोन तापमापकांची ओळ

मी एक फाईल बोलतेय. कागदाची नव्हे, एका जुन्या कॉम्प्युटरमधली. जेमतेम अर्धं पान भरेल एवढाच माझा जीव, आणि सध्या तो मुठीत धरून बसलेय.

वेळेआधी जन्मलेल्या बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या इथे बनतात. इंजिनीअरनी लिहिलेल्या सूचनांमधून पेटी चालवणारा प्रोग्राम तयार करताना, म्हणजे कंपाईल करताना, त्यात काय घ्यायचं, काय वगळायचं, ते मी सांगते. मीठ-तिखट किती घालायचं ते सांगणाऱ्या सासूसारखी! फक्त मी नसले तरी स्वयंपाक होतो, हीच तर भीती आहे. मी सापडले नाही तर कॉम्प्युटर कुरकुरत नाही. मुकाट्यानं आधीपासून ठरलेले पर्याय घेतो आणि 'यशस्वी' म्हणून मोकळा होतो.

मला लिहिलं ताईनं, ती इथली इंजिनीअर. तिची वहिनी नर्स आहे. एकदा वहिनी म्हणाली, "अगं, बाळानं पाय झाडले की तापमानाची वायर निसटते. पेटीला वाटतं बाळ गार पडलं, आणि ती तापवतच सुटते!"

ताईचा चेहरा उतरला. तिनं पेटीत दुसरा तापमापक बसवला आणि माझ्यात एक ओळ घातली: दोन्ही तापमापक बघ, आकडे जुळले नाहीत तर तापवणं थांबव आणि भोंगा वाजव.

पण मला सगळ्यांच्या सामाईक साठ्यात, जिथून मी कुठल्याही कॉम्प्युटरला सापडले असते, ठेवायचं तेवढं राहून गेलं. "ठेवते गं उद्या," असं ती माझ्याकडे बघून पुटपुटायची. मग दिवस भरायच्या आधीच तिला कळा सुरू झाल्या, आणि खुर्चीवरून थेट हॉस्पिटलात न्यावं लागलं. तिचं बाळ आता आमच्याच पेटीत आहे.

तिचं काम आता तिचा एक सहकारी बघतो. त्याला सगळे 'एक्सप्रेस' म्हणतात. मनानं सोनं, पण धीर नावाला नाही. ताईच्या बाळाला उत्तमातलं उत्तम मिळावं म्हणून त्यानं नव्या कॉम्प्युटरवर प्रोग्रामची नवी आवृत्ती कंपाईल केली. मला न घेता. पडद्यावर सगळं हिरवं आलं. मी इथून जीव तोडून ओरडत होते, पण फाईलला आवाज कुठला? सकाळी तो स्वतः हॉस्पिटलात जाऊन ती आवृत्ती बाळाच्या पेटीत चढवून आला.

आता तो ताईचा हा जुना कॉम्प्युटर, त्यातल्या सगळ्या फाईलींसकट, पुसून टाकायला बसलाय. मला घोर लागलाय, पण स्वतःचा नाही. तेवढ्यात फोन वाजतो. स्पीकरवर ताईचा थकलेला आवाज येतो.

"बाळ शांत झालंय रे. मगाशी केवढे पाय झाडत होतं."

"झोपू दे गं. नवी आवृत्ती आहे, बिनघोर राहा."

"हो, पण काचेला हात लावला तर जरा जास्तच गरम लागतेय..." ती एकदम थांबते. "कंपाईल करताना माझी फाईल घेतली होतीस ना?"

त्याचं बोट बटणावरच राहतं.

"कोणती फाईल?"

अरे बाबा, मी! इथे, तुझ्या बोटाखाली. मला खुशाल पूस. पण आधी तिला सांग, बाळाला पेटीतून बाहेर काढ म्हणावं.